दोन वऱ्हाड

माझ्या आत्याचं माहेर वऱ्हाडात आणि सासर वर्ध्यात. मधे नदी. वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्वेकडची शीव. लग्न होऊन आत्या ती ओलांडून पलीकडे गेली आणि दोन्हीकडची गाणी तिच्या तोंडी राहिली: जात्यावरच्या ओव्या, हळदीची, बारशाची, भुलाबाईची. माहेरची चाल वेगळी, सासरची वेगळी, असं ती म्हणायची. आम्हाला तो फरक कधी नीट कळला नाही.

२०१३च्या उन्हाळ्यात दादा तीन आठवडे तिच्याकडे जाऊन राहिला आणि त्यानं ती गाणी रेकॉर्ड केली. वर्ध्याच्या मे महिन्यात, भर दुपारी, पंखा बंद करून. कारण पंख्याची घरघर रेकॉर्डरमध्ये उतरायची. दोघं घामानं निथळत बसायची. रात्री तो फाइली आपल्या मॅकवर उतरवायचा. त्यानं दोन फोल्डर केली होती. एकाचं नाव 'वर्धा', दुसऱ्याचं 'वऱ्हाड'.

मी बंगळुरूत असते आणि प्रोग्रॅम लिहून पोट भरते. त्यामुळे घरात कॉम्प्युटरचं काही निघालं की ते माझ्याकडे येतं. या गाण्यांची यादी करायचं कामही माझ्याकडेच आलं. दादा फोनवर नावं सांगायचा, मी टाइप करायची. प्रत्येक गाण्यापुढे त्याच्या फाइलचा पत्ता. त्याला आमच्या धंद्यात पाथ म्हणतात. पाकिटावर आपण पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितो: नाव, घर, गल्ली, गाव, जिल्हा. पाथ उलटा चालतो. आधी सगळ्यात मोठं फोल्डर, मग त्यातलं, मग त्याच्याही आतलं, आणि शेवटी फाइल. मधे तिरप्या रेघा.

त्या दिवाळीला मी यादी छापून आत्याला दाखवायला नेली. तिनं चष्मा लावला, पान जवळ धरलं आणि विचारलं, "दहावी ओवी पहिलीच्या मागं? हे कोनं लावलं?"

लावलं कॉम्प्युटरनं. त्याला नावं क्रमानं लावायला सांगितली की तो आकडे आकडे म्हणून वाचत नाही, एकेक खूण तपासत जातो. 'ओवी १०' आणि 'ओवी २' यांत पहिला फरक पडतो तो १ आणि २ यांच्यात. १ आधी, म्हणून १० आधी. त्याला दहा दिसतच नाहीत. ओव्यांत तर पहिली, दुसरी, तिसरी अशी मोजदाद करत जायची रीत आहे, त्यामुळे गोंधळ जास्तच उठून दिसत होता. मी आकड्यांपुढे शून्य लावून तो मिटवला. मग आत्यानं दुसरी चूक काढली. 'बाळंतपण' हे 'बाशिंग'च्या आधी कसं? बाराखडी तिच्या तोंडपाठ होती. मराठीत ळ ह च्या नंतर येतो, शब्दकोशातही तसाच. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल ला चिकटून बसवला आहे. तिथे प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे: ल चा २३५४, ळ चा २३५५, श चा २३५८. यंत्र हे क्रमांक बघतं. बाराखडी त्याला कुणी शिकवलेली नसते, शिकवावी लागते.

तेव्हा हसून सोडून दिलं. क्रम चुकला तर चुकला, गाणी तर कुठे जात नाहीत.

२०१५ साली दादाचा मॅक बिघडला. बिघडण्याआधी त्यानं शहाणपणा केला होता. मॅकवरच सगळी फोल्डर एका झिप फाइलीत बांधून ती एका डिस्कवर ठेवली होती. रेकॉर्डरमधल्या कार्डावर तोवर दुसरंच काही भरलं होतं. म्हणजे गाण्यांची तेवढी एकच प्रत उरली. २०१६त त्यानं ती डिस्क माझ्याकडे पाठवली: नीट तपास, आणखी एक प्रत करून ठेव.

मी तपासलं. आमच्याकडे तपासण्याची पद्धत ठरलेली आहे: डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. शेकडो फाइली माणसानं बघितल्या तर काहीतरी निसटतंच. म्हणून मी पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. माझ्या लिनक्सच्या मशीनवर झिप सोडली, माझी यादी प्रोग्रॅमला दिली आणि सांगितलं: यादीतला एकेक पाथ घे, त्या पाथवर फाइल असेल तर माझ्या संग्रहात उतरव, नसेल तर नाव छाप.

त्यानं चाळीस नावं छापली. अडतीस 'वऱ्हाड' फोल्डरमधली. म्हणजे ते अख्खं फोल्डरच. आणि दोन 'वर्धा'मधली: 'दुसऱ्या दिवसाची ओवी' आणि 'नवऱ्या मुलाची हळद'.

ही दोन नावं मी वाचली आणि पुढे गेले. आज ती आठवली की अंगावर काटा येतो. सगळं उत्तर त्या दोन नावांत होतं.

मी दादाला फोन केला. म्हटलं, तुझ्या डिस्कवर वऱ्हाड नाहीच. तो म्हणाला, "असं कसं? मी दोन्ही बांधली होती." मी म्हटलं, "दादा, मशीन नाही म्हणतंय." थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "तुला कळतं त्यातलं. माझ्याच हातून राहिलं असेल." मी झिपमधून सोडलेल्या फाइली पुसल्या, कारण जे सापडलं ते उतरवून झालं होतं, आणि डिस्क त्याला परत पाठवली. त्यानं ती ड्रॉवरमध्ये टाकली. जे नाही ते उघडून काय बघायचं?

आत्याला त्यानंच सांगितलं, माझ्यावर ढकललं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे रे बाप्पा. गाने काय, अजून म्हनीन." पण तिचा दमा वाढला होता. दोन-तीन वेळा तिनं फोनवर मला विचारलं, "सापडले का वं माहे गाने?" मी बघते म्हटलं. बघण्यासारखं काही उरलंय असं मला वाटत नव्हतं. २०१९च्या पावसाळ्यात ती गेली.

२०२३मध्ये आत्येबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. आत्येबहिणीची इच्छा होती की हळदीला तिच्या आईचा आवाज लागावा. मी म्हटलं, जे आहे ते सगळं एकदा पुन्हा लावते. दादाकडून ती डिस्कही मागवली, का ते माझं मलाही सांगता येणार नाही. या वेळी मी यादीपासून सुरुवात केली नाही. डिस्कवरचं आणि माझ्याकडचं, दोन्हींतली सगळी फोल्डर प्रोग्रॅमला वाचायला लावली आणि सगळे पाथ एकत्र करून क्रमानं छापायला सांगितले.

पाथ क्रमानं लावण्यात एक जुनी खोच आहे. पाथ म्हणजे नुसती अक्षरांची ओळ असं धरलं तर तिरपी रेघसुद्धा एक अक्षर होते, आणि तिचा क्रमांक ४७ असतो. संयोगचिन्हाचा ४५. माझ्याकडे 'वर्धा' होतं आणि 'वर्धा-उरलेली' असंही एक फोल्डर होतं. अक्षरांच्या हिशेबानं 'वर्धा-उरलेली'मधली गाणी 'वर्धा'मधल्या गाण्यांच्या आधी लागतात. आधी वर्धा हे घर, मग शेजारचं अख्खं कुटुंब, आणि त्यानंतर वर्धाची स्वतःची मुलं. २०१४ साली पायथनमध्ये पाथलिब नावाचा भाग आला, तो हे समजून घेतो. तो पाथ रेघांवर तोडतो आणि तुकड्याशी तुकडा ताडून बघतो, त्यामुळे घरातली माणसं घरातच राहतात. आणखीही काही त्याला कळतं. विंडोजच्या पाथमध्ये रोमन लिपीतलं मोठं आणि लहान अक्षर तो एकच मानतो, लिनक्सच्या पाथमध्ये वेगळं. विंडोजचा एक पाथ आणि लिनक्सचा एक पाथ समोर ठेवून 'यातला आधी कुठला' असं विचारलं, तर उत्तरच द्यायला नकार देतो. नियम वेगळे असलेल्यांचा क्रम लावता येत नाही, इतकं त्याला समजतं. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, तेव्हा आपण त्या भांडणातून सुटलो, असं मला वाटायचं.

मी पाथलिब वापरलं. यादी छापून आली. खाली खाली जात व पर्यंत आले, आणि तिथे हे होतं:

वऱ्हाड
वर्धा
वर्धा-उरलेली
वऱ्हाड

खालचं वऱ्हाड माझं होतं. यादीप्रमाणे मी करून ठेवलेलं रिकामं फोल्डर. वरचं डिस्कवरचं. त्यात अडतीस फाइली होत्या.

पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. दोन्ही शब्द मोठे करून बघितले. काडीचाही फरक नाही. मग पायथनला विचारलं, हे दोन समान आहेत का? नाही, म्हणाला. लांबी विचारली. माझ्या वऱ्हाडची सहा, दादाच्या वऱ्हाडची सात.

मराठी न येणाऱ्यांसाठी सांगायला हवं. वऱ्हाडमध्ये र आणि ह यांच्या जोडणीत र चं एक खास अर्धं रूप येतं, पापणीसारख्या छोट्या रेघेचं. हा नुसता लिहिण्यातला नखरा नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. दोन्हींत र आणि य जोडलेले आहेत, फरक आहे तो एवढ्या पापणीचा. युनिकोडमध्ये ही पापणी थेट नाही. तिथे एक वेगळं अक्षर आहे, खाली टिंब असलेला र, क्रमांक २३५३. तो नोंदवला गेला दक्षिणेतल्या भाषांमधला दुसरा र देवनागरीत लिहायला, तमिळमध्ये आजही असतो तो. त्याचं अर्धं रूप मराठीनं पापणीसाठी घेतलं. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की हे अक्षर येतं.

पण तेच अक्षर दोन तुकड्यांतही लिहिता येतं: साधा र, क्रमांक २३५२, आणि त्यापुढे सुटं टिंब, क्रमांक २३६४. युनिकोडच्या मते हे दोन्ही एकच आहेत, कुठलंही वापरा. दादाच्या मॅकवर एचएफएस प्लस नावाची व्यवस्था होती, १९९८ पासूनची. तिचा शिरस्ता असा की फाइलचं नाव ठेवताना असं प्रत्येक अक्षर तुकड्यांत सोडवून ठेवायचं. हेतू चांगला होता: सगळ्यांना एकाच रूपात आणलं की तुलना सोपी. लिनक्सचा शिरस्ता उलटा. नाव म्हणजे आलेल्या खुणा. जशा आल्या तशा ठेवायच्या, त्यांत हात घालायचा नाही. हाही प्रामाणिकच. एका प्रामाणिक घरातून झिपमध्ये बसून नाव दुसऱ्या प्रामाणिक घरी आलं आणि तिथे त्याला कुणी ओळखलं नाही. दादानं आणि मी एकच कळ दाबली होती.

मधे वर्धा का आलं तेही आता उघड होतं. दादाच्या वऱ्हाडमध्ये व नंतर साधा र, मग टिंब २३६४. वर्धामध्ये व नंतर साधा र, मग हलन्त २३८१. माझ्या वऱ्हाडमध्ये व नंतर थेट २३५३चा र. म्हणून आधी एक वऱ्हाड, मधे वर्धा, पलीकडे दुसरं वऱ्हाड. 'दुसऱ्या' आणि 'नवऱ्या' ही दोन नावंही तिथेच अडली होती. उरलेल्या एकाही नावात पापणी नव्हती.

हे फक्त मराठीचं दुखणं नाही. हिंदीतला टिंबाचा ड़ असाच दोन तऱ्हांनी लिहिता येतो. बंगाली आणि तमिळमध्ये ओकाराची खूण अक्षराच्या दोन्ही बाजूंना बसते. ती एक खूण म्हणूनही लिहिता येते, दोन म्हणूनही. आपल्यापैकी पुष्कळांच्या डिस्कवर अशी जुळी नावं असतील. एकाला हाक मारली की दुसरं ओ देत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे. पायथनमध्ये त्यासाठी तयार सोय आहे, नॉर्मलाइझ नावाची: तुलना करण्याआधी दोन्ही नावं एका रूपात आणायची. पाथलिब हे आपणहून करत नाही. आणि ही ओळ घालतानाही सांभाळावं लागतं. एकरूप केलेलं नाव फक्त ताडून बघायला वापरायचं. फाइल उघडताना तिचं मूळचं नावच द्यायचं, टिंबासकट, नाहीतर लिनक्स पुन्हा नाही म्हणेल. शिवाय पापणी लिहिण्याची तिसरीही रीत आहे: साधा र, हलन्त, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला तेच, पण युनिकोडच्या नियमात ती पहिल्या दोहोंच्या बरोबरीची धरलेली नाही, त्यामुळे नॉर्मलाइझ करून ती त्यांत मिसळत नाही. तिच्यासाठी मी वेगळा नियम लिहिला. काही जण यावर सोपा उपाय करतात: अशा सगळ्या बारीक खुणा काढूनच टाकायच्या आणि मग तुलना करायची. तसं केलं तर वऱ्हाड सापडेल, पण दर्या आणि दऱ्या एक होतील. कशाला सारखं म्हणायचं हे शेवटी कुणीतरी भाषा जाणणाऱ्यानं बसून ठरवावं लागतं. २०१६मध्ये मी ते यंत्रावर सोडलं, आणि यंत्राला तर मी काही सांगितलंच नव्हतं.

प्रोग्रॅमच्या उत्तरातही मी बदल केला. आधी तो छापायचा: 'नाही'. हा शब्द त्याच्या अधिकारातला नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं की या खुणांचं नाव या जागी मिळालं नाही. तो 'नाही' माझा होता. मी तो त्याच्या तोंडी घातला आणि फोनवरून दादाला ऐकवला. आता तो छापतो: 'या नावानं सापडलं नाही. याच्या जवळची नावं अशी.' आणि खाली चार-पाच नावं देतो. डोळ्यांनी बघायला.

त्या रात्री मी दादाला फोन केला. पहिल्यांदा त्याला वाटलं, मी नवीन काही बिघाड सांगते आहे. मी टिंबाचं, मॅकचं, सगळं सांगायला लागले. तो मधेच म्हणाला, "म्हणजे होतं."

"होतं."

"अडतीसच्या अडतीस?"

"हो. आणि वर्ध्याची दोन."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होते. सात वर्षं तो समजत होता की आत्याची माहेरची गाणी त्याच्या निष्काळजीपणानं गेली. तिच्या तेराव्यालाही तो मागे मागेच होता, ते मला आता आठवत होतं.

"मग मी बांधली होती नीट," तो म्हणाला. एवढंच.

त्यानं आत्याचं नाव काढलं नाही, मीही नाही. तिला सांगायचं राहिलं ते राहिलं. याला कुठलीही एक ओळ पुरणार नाही.

हळदीच्या दिवशी आम्ही वऱ्हाडमधलं चौथं गाणं लावलं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दादानं आपल्या आवाजात खूण करून ठेवली आहे, पुढे कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून. आधी तो फोल्डरचं नाव सांगतो, मग गाण्याचा क्रम. लाउडस्पीकरवर त्याचा दहा वर्षांपूर्वीचा आवाज आला: "वऱ्हाड. गाणं चौथं." मागे बांगड्या वाजल्या. मग आत्या म्हणाली, "करू का रे सुरू?"

मांडवात बसलेल्या आत्येबहिणीनं हळद भरलेले हात तसेच अधांतरी धरले आणि म्हणाली, "कर."